वस्त्रे, जुनी कौटुंबिक

एखाद्या घराण्यात एका पिढीकडून दुसरीकडे आलेली आणि नित्य वापरापेक्षा आठवण, मान वा धर्मकृत्ये यांसाठी राखून ठेवलेली वस्त्रे. महाराष्ट्रात विवाहातील शालू व पैठणी, पुरुषांचे शेले, उपरणी व पगड्या, सोवळ्याचे मुकटे व कद, मानाच्या शाली, खणाच्या चोळ्या, तसेच लहान मुलांच्या कुंच्या व झबली यांचा त्यांत समावेश होतो. दागिने व भांडी यांच्या तुलनेने वस्त्र अल्पायुषी असते. शिवाय त्याचा पुनर्वापर ही घरोघरची रीत होती. झिजलेल्या लुगड्याचे काठ काढून ते नव्या पोतास लावीत. उरलेल्या कापडाची दुपटी वा गोधडी होई. जरीचे वस्त्र जाळले म्हणजे त्यातील चांदी व सोने हाती येई. बोहारणीला जुनी वस्त्रे देऊन भांडी घेण्याची प्रथाही सर्वत्र होती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील वस्त्र सुस्थितीत आढळणे विरळ होय. अशा वस्त्राची ओळख व त्याचे जतन ही कामे परस्परांवर अवलंबून आहेत. कारण धागा, रंग व जर कोणती हे कळल्याखेरीज वस्त्राला काय सोसेल हे ठरविता येत नाही.

ओळख : घरातील परंपरागत माहिती हा ओळखीचा पहिला आधार असला, तरी ती पडताळून पाहावी लागते. अनेक घरांत जुने वस्त्र सरसकट ‘पेशवाईतील’ म्हणून दाखविले जाते. पेशवाई १८१८ मध्ये संपली. एका पिढीचा काळ २५ ते ३० वर्षे धरल्यास तेव्हापासून सात ते आठ पिढ्या होतात. वस्त्र कोणाचे होते, हे पणजीच्या पलीकडे सांगता येत नसेल, तर कालनिर्णयासाठी वस्त्रातीलच पुरावा पाहावा लागतो.

विणीची परीक्षा वस्त्राच्या उलट बाजूवरून करतात. पैठणीच्या काठापदराची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे आडवे धागे हाताने परस्परांत गुंतवून विणलेली असते. त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते व मागे सुटे धागे राहत नाहीत. जुन्या पैठणीच्या पदराची जमीन जरीची व तीवरील असावली, कोयरी, मोर, मुनिया इ. आकृती रेशमाच्या असल्याने पदर मीनाकामासारखा भासतो. बनारसी किनखाबी विणीत मात्र नक्षीचे जादा धागे मागील बाजूस तरंगत गेलेले वा कापलेले आढळतात. काश्मीरी कानी शालीत रंगीत धागे मागे एकमेकांत अडकविलेले असतात. एकोणिसाव्या शतकात यूरोपात यंत्रमागावर निघालेल्या तिच्या नकलांत ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तरंगत जातात व बहुधा कातरलेले असतात. इरकली लुगड्यात पदराचे उभे धागे अंगाच्या धाग्यांना फासे घालून जोडलेले असतात. हा जोड त्या वस्त्राची निश्चित खूण समजला जातो.

जरीवरूनही बराच बोध होतो. खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या चपट्या तारेचा वेढा असतो. पुढे तांब्याच्या तारेवर चांदीचा थर देऊन केलेली हलकी जर प्रचारात आली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूचा लेप दिलेली प्लॅस्टिकची जर पसरली. चांदीची जर हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडते; तांब्याच्या जरीवर तांबूस वा हिरवट छटा येते. काळवंडलेली जर ही म्हणूनच हलक्या मालाची खूण नव्हे; पुष्कळदा ती अस्सलपणाची खूण असते. ती टाकाऊ समजून मोडीत दिल्याने अनेक उत्तम वस्त्रे नष्ट झाली आहेत.

रंगांनी काळाची एक मर्यादा निश्चित होते. पहिला कृत्रिम रंग, जांभळा मॉव्ह, १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी शोधला. मंजिष्ठातील ॲलिझरीन हे रंगद्रव्य १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनविण्यात आले आणि कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली. कृत्रिम रंग असलेले वस्त्र या वर्षांपूर्वीचे असू शकत नाही. परंतु नैसर्गिक रंग असलेले वस्त्र त्यापूर्वीचेच असे म्हणता येत नाही, कारण मंजिष्ठ, आल, लाख व नीळ यांचा वापर नंतरही चालू राहिला. शिवलेल्या कपड्यांत यंत्राची शिलाई असल्यास तो कपडा सामान्यतः १८५० नंतरचा ठरतो. हातशिलाई मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे.

धाग्याचा प्रकार ठरविण्यासाठी शिवणीच्या आतील वा सुटलेले एक-दोन तंतू चिमट्यात धरून जाळतात. रेशीम व लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो व राख बोटांत चुरडते. सूत कागदासारखे जळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. कृत्रिम रेशीम (रेयॉन) सुताप्रमाणेच जळते. म्हणून रेशमासारखी चकाकी असूनही कागदासारखा वास आल्यास वस्त्र विसाव्या शतकातील असण्याचा संभव अधिक.

ऱ्हासाची कारणे : प्रकाश, दमटपणा, कीड, धूळ, घाम व घडी ही मुख्य कारणे होत. प्रकाशाने रंग उडतो व रेशीम ठिसूळ होते. हे नुकसान साठत जाते व भरून येत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ सु. ६५ टक्क्यांहून अधिक राहिल्यास बुरशी धरते. कोकणात पावसाळ्यात हा धोका विशेष असतो. कसर खळीकडे आकृष्ट होते, तर काही पतंगांच्या व भुंगेऱ्यांच्या अळ्या लोकर व रेशीम खातात. लोहक्षार वापरून केलेला काळा रंग धाग्यालाच कुजवितो. म्हणून नक्षीतील काळे धागे इतरांआधी गळून पडलेले दिसतात. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम घडीच्या रेषेवर चिरते. जरीची तार धाग्यापेक्षा ताठ असल्याने तेथे दोन्हींचेही नुकसान होते.

यांखेरीज पुष्कळसे नुकसान निगा राखण्याच्या चांगल्या हेतूनेच होते. रिठे, चिंच, लिंबू वा दंतमंजन लावून जर उजळविल्यास काळेपणाबरोबर सोन्याचा पातळ मुलामाही निघून जातो. अत्तराचे डाग पडतात, खळीमुळे कसर येते, इस्त्रीने ठिसूळ तंतू तुटतात. वर्तमानपत्राच्या कागदातील आम्ल व शाई कापडात उतरतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. डांबराच्या गोळ्यांची वाफ मनुष्यास अपायकारक असते.

जतन : वस्त्र हाताळण्यापूर्वी हात धुऊन पुसावेत व अंगठ्या, बांगड्या काढून ठेवाव्यात. ते एका टोकाने न उचलता चादरीवर आडवे ठेवून न्यावे. धूळ झटकू नये. वस्त्रावर बारीक जाळी अंथरून मंद ओढीच्या निर्वात झाडणीने ती शोषून घ्यावी. जुने रेशमी वा जरीचे वस्त्र घरी धुऊ नये. साधे सुती वस्त्र धुणे अपरिहार्य असल्यास प्रत्येक रंगावर ओलसर पांढरा सुती बोळा दाबून रंग सुटतो का ते आधी पाहावे.

साठविण्याची उत्तम पद्धत म्हणजे गुंडाळी. सु. ८ ते १० सेंमी. व्यासाच्या नळीवर आम्लरहित कागद किंवा अनेकदा धुतलेली, खळ नसलेली मलमल गुंडाळून त्यावर वस्त्र सैलसर गुंडाळतात व वरून तसेच कापड लपेटतात. जागेअभावी घडी घालावी लागल्यास प्रत्येक घडीत मऊ कापडाची वळकटी ठेवावी व सहा महिन्यांनी घडीच्या जागा बदलाव्यात. नऊवारी जरीचे वस्त्र टांगून ठेवू नये. त्याच्याच वजनाने ते फाटते. पगडीच्या पोकळीत कापडाचा आधार द्यावा. लाकडातून आम्लयुक्त वाफा निघत असल्याने लाकडी पेटीस आतून धुतलेल्या कापडाचे अस्तर लावावे. पेटी जमिनीपासून उंच व ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर असावी.

पावसाळा संपल्यावर कपड्यांना ऊन दाखविण्याची जुनी रीत मूलतः योग्य आहे. मात्र रेशीम उन्हात न टाकता कोरड्या, हवेशीर सावलीत पसरावे. वेखंड वा कडुनिंबाची वाळलेली पाने पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवण्यास हरकत नाही, पण ती वस्त्रास लागू देऊ नयेत. अशा उपायांनी कीड पूर्णपणे टळत नाही. नियमित पाहणी हाच खरा उपाय होय. वस्त्र फाटल्यास चिकटपट्टी, डिंक वा ताठ दोरा वापरू नये. त्यास खालून आधार देऊन तज्ञांकडे न्यावे. भारतात या विषयाचे संशोधन व प्रशिक्षण लखनौ येथील राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेत (स्थापना १९७६) चालते; मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही संरक्षण केंद्र आहे.

वापर : घरातील वस्त्र संग्रहालयातील वस्तूप्रमाणे नेहमीच पेटीत राहत नाही, नात-सुनेने विवाहात आजीची पैठणी नेसावी, ही इच्छा स्वाभाविक असते व वस्त्र टिकण्यामागेही पुष्कळदा तीच असते. घडीवर चिरा असतील किंवा हाताळताना धागा भुगा होऊन पडत असेल, तर ते नेसणे म्हणजे ते संपविणे होय. धागा मजबूत असल्यास एखाद्या विधीपुरते नेसून, सुवासिक द्रव्ये टाळून, नंतर दिवसभर सावलीत हवेशीर ठेवून ते पुन्हा गुंडाळावे. काठपदर कापून नवा पोशाख केल्यास नक्षी उरते. परंतु लांबी, रुंदी, जोड व नेसण्याची पद्धत यांचा पुरावा कायमचा जातो. काचेच्या चौकटीत भिंतीवर लावलेले वस्त्र उजेडाने विटते.

नोंद : वस्त्राबरोबर त्याची माहिती टिकली नाही, तर ते केवळ एक सुंदर कापड उरते. कोणाचे, कोणत्या प्रसंगाचे, कोठून आणलेले, कोणी सांगितले, ही माहिती वस्त्राची लांबी-रुंदी, छायाचित्र व दोषांसह लिहून ठेवावी. ऐकीव व निश्चित माहिती वेगळी दाखवावी. क्रमांक पांढऱ्या सुती फितीवर लिहून ती काठाच्या आतील बाजूस सैल टाक्यांनी अडकवावी. त्या वस्त्रातील व्यक्तीचे जुने छायाचित्र किंवा खरेदीची पावती असल्यास तीही जवळ ठेवावी. शंभर वर्षांहून जुनी वस्त्रे पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येऊ शकतात व त्यांची खाजगी निर्यात निषिद्ध आहे. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबीयांकडे ती पाठविण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करणे आवश्यक ठरते. वस्त्राचा इतिहास सांगू शकणारी व्यक्ती बहुधा घरातील सर्वांत वृद्ध स्त्री असते. म्हणून जतनाच्या सर्व कामांत नोंदीचे काम प्रथम करावे.