पथ्य म्हणजे उपास नव्हे

मराठी घरात दुखणे आले की त्याचा पहिला परिणाम दिसतो तो स्वयंपाकघरात. ताप आला की मऊ भात, पोट बिघडले की ताकभात, बाळंतिणीला डिंक-अळीव आणि हाड मोडले की पुन्हा डिंकच! या रीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत आणि त्यांत पुष्कळसे शहाणपणही आहे. परंतु अलीकडे आपल्या घरांत एक नवाच रुग्ण अवतरला आहे. त्याच्यापुढे आजीबाईंचा बटवाही जरा गोंधळतो. हा रुग्ण आजारी नसतो. त्याला ताप नसतो, तोंडाची चव गेलेली नसते, भूक तर खणखणीत असते. तो कॉलेजच्या कबड्डी संघातला चढाईपटू असतो. ती खो-खोच्या मैदानावर विजेसारखी चमकणारी मुलगी असते. किंवा पन्नाशीला टेकल्यावर लांब पल्ल्याच्या शर्यतींची हौस धरलेले खुद्द वडीलच असतात. एके दिवशी गुडघ्यातला स्नायुबंध तुटतो, नडगीचे हाड मोडते किंवा घोटा दुखावतो आणि भरधाव चाललेले गाडे एकाएकी थांबते.

मग घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष आजी आणि आई यांचा. 'लेकरू जायबंदी झाले आहे, त्याला चांगलेचुंगले खाऊ घाला,' हा या पक्षाचा जाहीरनामा. डिंकाचे लाडू वळले जातात, शिऱ्यावर तुपाची धार पडते, शेजारच्या काकू डबा घेऊन येतात. दुसरा पक्ष एकट्या रुग्णाचा. त्याला धाक असतो तो पोटाचा. 'मैदान बंद, व्यायाम बंद, आता मी फुगणार!' असे म्हणून तो रात्रीचे जेवण सोडतो आणि रोज सकाळी वजनकाट्यावर कसाबसा तोल सावरीत उभा राहतो. दोन्ही पक्षांचा हेतू निर्मळ असतो. आणि दोन्ही पक्ष त्या मोडलेल्या पायाचे नुकसानच करीत असतात.

मी मराठी शिकवतो, वैद्यक नव्हे. त्यामुळे माझे लक्ष प्रथम शब्दाकडे जाते. आपण म्हणतो, 'त्याचे पथ्य चालू आहे.' याचा अर्थ आपल्या मनात काय येतो? हे खायचे नाही, ते खायचे नाही. पथ्य म्हणजे निषेधांची यादी! वास्तविक हा शब्द 'पथ' म्हणजे वाट यापासून आला. जे वाटेला धरून आहे, हितकर आहे, ते पथ्य. तो जुना अर्थ आपल्या बोलण्यातून अगदीच गेलेला नाही. एखादी गोष्ट आपल्या फायद्याची ठरली की ती 'पथ्यावर पडली' असे आपण आजही म्हणतो. तेव्हा दुखापत झालेल्या खेळाडूचे पथ्य ठरविताना 'काय सोडावे?' हा प्रश्न दुसरा. 'काय खाल्ले तर ते पथ्यावर पडेल?' हा पहिला.

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी प्लॅस्टरच्या आत काय चालते ते पाहिले पाहिजे. आपल्या स्नायूंची रोज थोडी झीज होते आणि रोज थोडी भर पडते. भर घालण्याची आज्ञा दोन गोष्टी देतात : हालचाल आणि अन्न. पाय जखडला की पहिली आज्ञा बंद पडते. झीज मात्र चालूच राहते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी तरुणांचा एक पाय मुद्दाम जखडून ठेवून याचे मोजमाप केले. ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. अवघ्या ५ दिवसांत मांडीचा पुढचा स्नायू सुमारे साडेतीन टक्क्यांनी रोडावला आणि त्याची ताकद सुमारे ९ टक्क्यांनी घटली. १४ दिवस पाय जखडला तेव्हा स्नायू ८ टक्क्यांनी आणि ताकद तब्बल २३ टक्क्यांनी कमी झाली. ध्यानात घ्या, यांतल्या कुणालाही दुखापत नव्हती! अशा वेळी दुसरी आज्ञा, म्हणजे अन्नाची, तीही आपणच बंद केली तर काय होईल?

आमच्या कॉलेजातल्या एका कबड्डीपटूचे हेच झाले. नडगीचे हाड मोडून पाय प्लॅस्टरमध्ये असताना त्याने जेवण निम्म्यावर आणले. सहा आठवड्यांत वजन तीन किलोंनी उतरले. घरच्यांना कौतुक वाटले, मित्रांनी पाठ थोपटली. प्लॅस्टर निघाले तेव्हा दोन मांड्या दोन निराळ्या माणसांच्या असाव्यात तशा दिसत होत्या! हरवलेल्या तीन किलोंत चरबी किती आणि मांस किती, हे काट्याने त्याला सांगितलेच नव्हते. काट्याला ते कळतही नाही. हाड वेळेवर सांधले होते. पण पायात जोर नव्हता, आणि तो परत यायला पुढचा सारा हंगाम गेला.

'पण आता त्याची धावपळ नाही, मग अन्न तरी कशाला हवे?' अशी शंका कुणी घेईल. शंका रास्त आहे, पण अर्धीच. शरीराला लागणाऱ्या उष्मांकांचा मोठा भाग श्वास, रक्ताभिसरण, उष्णता अशा अंतर्गत कारभारावर खर्च होतो; तो अंथरुणावरही थांबत नाही. त्यात जखम भरून काढण्याच्या कामाची भर पडते. शिवाय कुबड्यांवर चालणे हे साध्या चालण्याहून कितीतरी दमविणारे काम आहे. म्हणून गरज सरावाच्या दिवसांपेक्षा कमी होते खरी, पण आपल्याला वाटते तितकी नाही.

उलट बाजूचा हिशेबही मांडू. सरावाच्या दिवसांइतकेच खात राहिले आणि वर रोज ५०० उष्मांक जादा झाले, तर पंधरवड्यात साडेसात हजार होतात. एक किलो चरबीत साधारण ७७०० उष्मांक असतात. म्हणजे पंधरवड्याला जवळजवळ एक किलो! गुडघ्याच्या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला मैदानावर परतायला सहसा नऊ महिने ते वर्ष लागते. तेव्हा शेजारच्या काकूंच्या डब्याला प्रेमाने पण ठामपणे आवर घातलेलाच बरा.

मग करावे काय? ताट लहान करू नये; ताटातली वाटणी बदलावी. पहिली कात्री तळलेल्या व गोड पदार्थांना, दुसरी भाताच्या दुसऱ्या वाढीला. वरण, उसळ, दूध, दही, अंडी, मासे यांना मात्र कात्री लावू नये. तेथे उलट हात सैल सोडावा.

कारण स्नायू घडतो तो प्रथिनांतून. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली सामान्य प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने ठरविली. जायबंदी खेळाडूसाठी क्रीडा-आहारतज्ज्ञ याच्या दुप्पट, म्हणजे किलोमागे १.६ ते २ ग्रॅम सांगतात. साठ किलोंच्या मुलाला एरवी ५० ग्रॅम पुरतात, तर या काळात १०० च्या आसपास हवीत. आकडा ऐकून गृहिणीने घाबरू नये. महागड्या डब्यांतली भुकटी आणलीच पाहिजे असे नाही. सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध : २० ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर मटकीची उसळ व दही : पंचवीसेक. चार वाजता मूठभर शेंगदाणे व दूध : १५. रात्री दोन भाकऱ्या, वरण आणि १०० ग्रॅम पनीर किंवा तेवढीच मासळी : तीसेक. निजताना आणखी पेलाभर दूध, की झाला हिशेब पुरा. अंडी चालत नसतील त्या घरी सकाळी मुगाची धिरडी आणि पनीर चालेल. महत्त्वाचे हे, की सगळी प्रथिने रात्रीच्या एका जेवणात न कोंबता दिवसभरात चार-पाच वेळा विभागून घ्यावीत. शरीर ती त्या रीतीने अधिक चांगली वापरते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत. मधुमेह असलेल्यांनीही आहार बदलण्याआधी त्यांचा सल्ला घ्यावा.

प्रथिने या विटा झाल्या. त्यांना सांधणारा चुनाही हवा. स्नायुबंध आणि हाडांचा सांगाडा ज्या कोलॅजेनचा बनतो ते घडायला 'क' जीवनसत्त्व लागते. ते नसले तर काय होते याची एक अंगावर काटा आणणारी हकीकत आहे. १७४० साली ॲन्सन हा इंग्रज नौसेनानी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. ताज्या फळभाज्यांवाचून त्याच्या जहाजांवर स्कर्व्ही रोगाने थैमान घातले. त्या सफरीच्या वृत्तान्तात एका वृद्ध सैनिकाची नोंद आहे. १६९० सालच्या बॉइनच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा अर्धे शतक बऱ्या होत्या. त्या पुन्हा उघडल्या, आणि कधीकाळी सांधलेले हाडही जणू कधी सांधलेच नव्हते असे सुटून आले! आपल्याकडे हा चुना स्वस्त आहे. एक मध्यम पेरू दिवसाची गरज भागवून उरतो. आवळा तर दिवाळीनंतर बाजारात ढिगाने येतो. हाडासाठी दूध आहेच, शिवाय नाचणी आहे. तिच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. डिंकाचा लाडूही वर्ज्य नाही. पण तो तूपगुळाचा लाडू आहे, औषधाची गोळी नव्हे, एवढे स्मरण ठेवून एकच खावा. धूम्रपान मात्र पूर्ण वर्ज्य. त्याने हाड सांधायला उशीर होतो.

मुलींच्या बाबतीत एक शब्द अधिक. जायबंदी मुलाला 'खा' म्हणणारे घर मुलीला 'जपून खा हो, वजन वाढेल' असे सांगते. गरजेपेक्षा फार कमी खाणाऱ्या खेळाडू मुलींची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. या अवस्थेची आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली मुद्दाम दखल घेतली. पाळी चुकत असेल तर ती लाजेने झाकण्याची गोष्ट नाही. डॉक्टरांना पहिल्याप्रथम सांगण्याची आहे.

आणि वजनाच्या काट्याचे काय? काही खेळांत तो खराच न्यायाधीश असतो. कुस्तीपटू विनेश फोगाट हिच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर वर्षभरात, ६ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसला ५० किलो गटात तिने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. आणि दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम वजन अधिक भरले म्हणून ती अंतिम लढतीला मुकली. तिच्या पुढे नियमाची भिंत होती. वजनगटाच्या खेळातल्या खेळाडूने प्रशिक्षक आणि आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने सावकाश वजन राखावे, हे योग्यच. पण आपल्या घरातला मुलगा उद्या सकाळी कुठल्या तराजूवर चढायचा आहे? आणि वजन वाढणे म्हणजे नेहमीच अधोगती असेही नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सर्वांत हलक्या गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला वरच्या गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले.

काट्याऐवजी घरातली शिवणाची टेप हाती घ्यावी. प्लॅस्टर निघाल्यावर किंवा सूज उतरल्यावर गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटिमीटर वर, दोन्ही मांड्यांचा घेर आठवड्यातून एकदा मोजावा आणि वहीत लिहून ठेवावा. कमरेचाही लिहावा. दुखऱ्या मांडीचा घेर दुसरीच्या जवळ येत असेल आणि कंबर जागच्या जागी असेल, तर आहार बरोबर चालला आहे. कंबरच तेवढी वाढत असेल तर डबे आवरावेत; मांडीच वाढत नसेल तर उसळीची वाटी वाढवावी आणि फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम खरोखर होतो आहे का ते पाहावे. कारण अन्न एकट्याने पाय उभा करीत नाही. परवानगी मिळताच व्यायामाची पहिली आज्ञाही त्याला द्यावीच लागते.

यंदाच्या दिवाळीत कुणाच्या घरी असा पाय उशीवर टेकवून बसलेला खेळाडू असेल, तर फराळाचे ताट त्याच्यापुढून उचलून नेऊ नका. एक करंजी, एक चकली त्याच्याही वाट्याची आहे. फक्त त्या ताटाशेजारी उसळीची वाटी आणि पेरूच्या चार फोडी ठेवा, आणि त्या तो खातो आहे ना, याकडे लक्ष असू द्या.