डासांच्या अळ्या आणि सुगंधी गवताचे तेल

पावसाळ्यात अंड्यापासून उडता डास तयार होण्यास साधारणपणे ८ ते १० दिवस लागतात. हा सर्व काळ तो साचलेल्या पाण्यात एका जागी सापडतो. म्हणून डासांचा बंदोबस्त करावयाचा तो अळीच्या अवस्थेतच होय.

अळी पाण्यात राहत असली तरी श्वास हवेतून घेते. हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी राहते. डेंगी व हत्तीरोग पसरविणाऱ्या डासांची अळी शेपटाकडील नळी वर करून उलटी लोंबकळते. डबक्यावर जळके तेल ओतण्याच्या जुन्या रीतीत ही अळी तवंगाखाली गुदमरते. गवती चहा, रोशा, तुळस, लवंग यांच्या सुगंधी तेलांचे कार्य निराळे आहे. त्यांतील द्रव्ये अळीच्या अंगात शिरून तिच्या मज्जातंतूंवर आघात करतात. खानदेशातील रोशा तेल एके काळी मुंबई बंदरातून परदेशी जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीस वापरले जाई. त्याचा हाही एक गुण आहे.

परंतु हिशेब पाहिल्याशिवाय शेतकरी बंधूंनी याच्या नादी लागू नये. प्रयोगशाळेत अशा अनेक तेलांची लिटरमागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा दिली, तेव्हा निम्म्या अळ्या मेल्या. म्हणजे २०० लिटरच्या पिंपास निदान १० ग्रॅम तेल हवे. ताज्या गवती चहात तेलाचे प्रमाण शेकडा अर्ध्याहून अधिक क्वचितच असते. तेव्हा एका पिंपासाठी दोन किलोंहून अधिक गवत ऊर्ध्वपातनास लागेल. घरी गवत उकळून काढा ओतणे तर व्यर्थच, कारण तेल वाफेबरोबर आधीच निघून जाते. शिवाय हे तेल पाण्यात विरघळत नाही आणि थोड्याच दिवसांत उडून जाते. निंबोळी तेल असे उडत नाही. पण ते दाबून काढलेले तेल असल्याने त्याची जातच वेगळी.

पिण्याच्या पाण्यात, गुरांच्या हौदात किंवा गप्पी मासे सोडलेल्या टाकीत ही तेले मुळीच घालू नयेत. घरातील रांजण, पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावीत. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात व कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात.

उपसता न येणाऱ्या सांडपाण्याच्या खड्ड्यावर मात्र तेलाचा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. तेल साबणाच्या पाण्यात घुसळून मगच ओतावे. ग्रामकार्यकर्त्यांनी त्याआधी पांढऱ्या वाटीने चार ठिकाणचे पाणी घेऊन त्यातील अळ्या मोजाव्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजाव्यात, आणि तेल न घातलेल्या शेजारच्या खड्ड्यातील अळ्याही त्याच वहीत टिपून ठेवाव्यात.