थेंब दुप्पट, प्रतिध्वनी चौसष्टपट

सेकंदाच्या हजाराव्या भागात रडारची लहर 150 किलोमीटरवरच्या विमानाला आपटून परतही येते. रेडिओ लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्याचं निम्मं करायचं, की अंतर हाती लागलं. काळोख असो की दाट धुकं, हिशोब तोच.

रडार म्हटलं की महायुद्ध आठवतं. पण 1904 मध्येच ख्रिस्तियान ह्युल्समायर या 22 वर्षांच्या जर्मन तरुणाने कोलोनला ऱ्हाइन नदीतली जहाजं रेडिओ लहरींनी हेरून दाखवली होती. जहाजांच्या टकरी टळाव्यात, एवढीच त्याची इच्छा. नौदलाने रस दाखवला नाही, जहाज कंपन्यांनीही नाही. 1935 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरींनी उडतं विमान टिपलं, तेव्हा कुठे सरकारी तिजोरी उघडली.



वस्तू जवळ येत असेल तर परतणाऱ्या लहरीची वारंवारता वाढते, दूर जात असेल तर घटते. हाच डॉप्लर परिणाम, आणि त्यावरून रडारला वेग कळतो. शोएब अख्तरचा 2003 च्या विश्वचषकातला ताशी 161.3 किलोमीटरचा चेंडू मोजला तो असाच. तो वेग मात्र चेंडू हातातून सुटतानाचा. टप्पा पडून फलंदाजापाशी येईपर्यंत चेंडू बराच मंदावतो. मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या कितीतरी दारांवरही असाच छोटा रडार बसवलेला असतो. पुढच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या मोटारींत तो 77 गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे लहर जेमतेम 4 मिलिमीटरची!

रडारला पाखरंही दिसतात. युद्धकाळात पडद्यावर उमटणाऱ्या गूढ ठिपक्यांना ब्रिटिश ‘देवदूत’ म्हणत. त्यांतले बरेचसे पक्षी निघाले. टेक्सासमध्ये गुहेतून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वटवाघळांचे थवे हवामानाच्या रडारवर ढगासारखे पसरताना दिसतात.

पण माझ्या लेखी रडारचं सर्वांत मोलाचं काम पावसाचं. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर त्याचा प्रतिध्वनी 64 पट जोरदार होतो. त्यामुळे रिमझिम आणि कोसळधार यांतला फरक पडद्यावर लख्ख उमटतो. 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा 73. पर्जन्यमापक आपल्यावर पडलेलं तेवढंच पाणी मोजतो. दोन मापकांच्या मध्ये काय चाललंय आणि ढग कुठे सरकतोय, हे रडार सांगतो. त्या दिवशी मुंबईत डॉप्लर रडार नव्हता. पुढे कुलाब्याला तो आला आणि 2022 मध्ये अंधेरीजवळ वेरावलीलाही. यायला उशीर झाला, हे म्हणायलाच हवं.

आता तर रडार अंतराळातूनही जमिनीवर नजर ठेवतो. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून झेपावलेला इस्रो आणि नासाचा ‘निसार’ उपग्रह जमीन काही सेंटीमीटर सरकली किंवा खचली, तरी टिपू शकतो.

हवामान विभागाच्या संकेतस्थळावर रडारची ताजी चित्रं सर्वांसाठी खुली असतात. पावसाळ्यात घराबाहेर पडण्याआधी ती जरूर पाहा. लाल पट्टा आपल्या दिशेने सरकत असेल, तर थोडा वेळ थांबा.