जहाजावरचे भोजनगृह : पगार कोणता आणि टिप कोणती?

आपल्या जामसंडे-देवगड भागात ‘बोट’ हा शब्द नवा नाही. मुंबई-गोवा मार्गावरच्या आगबोटी चालत होत्या त्या काळी कोकणातल्या बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे पडावातून किनाऱ्याला यायची. त्यावेळी बोटीवर जाणे म्हणजे मुंबईला नोकरीसाठी जाणे. आज बारावी झालेला मुलगा ‘बोटीवर जायचंय’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वेगळीच बोट असते. दोन-तीन हजार प्रवासी घेऊन केवळ सहलीसाठी फिरणारे, दहा-बारा मजल्यांचे क्रूझ जहाज! मुंबईहूनही २०२१ साली कॉर्डेलिया कंपनीने ‘एम्प्रेस’ या जहाजाच्या सहली सुरू केल्या, त्यामुळे हे आकर्षण अधिकच वाढले आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडे असाच एक मुलगा त्याच्या आईला घेऊन आला. हातात एका एजंटाने दिलेला कागद होता. त्यावर असिस्टंट वेटरचे पद, डॉलरमधला महिन्याचा आकडा आणि पुढे ‘टिपसह’ एवढा एकच शब्द. आम्ही कागद वाचून दाखवला. मुलगा आकड्याचे रुपये करण्यात गुंतला होता. आईने मात्र शांतपणे विचारले, “ह्यातलो पगार किती आणि लोक खुशीन देतत ते किती?”

खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हाला उत्तर देता आले नाही. त्या माऊलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जी माहिती हाती आली, ती विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी येथे देत आहोत.

पंगत आणि भोजनगृह

आपल्याकडे जयंतीची पंगत बसते तेव्हा कामाची वाटणी आपोआप होते. एकजण भात वाढतो, दुसरा आमटी घेऊन फिरतो, लहान मुले पाणी देतात. मागे चुलीपाशी स्वयंपाक करणारे आणि टोप घासणारे वेगळे. एखादे जाणते गृहस्थ मांडवाच्या टोकाला उभे राहून कुणाचे पान रिकामे आहे ते पाहत असतात. जहाजाच्या भोजनगृहाची रचना मुळात अशीच असते. फरक इतकाच की तेथे पंगत रोज तीन वेळा बसते, माणसे हजारांनी असतात आणि प्रत्येक कामाला ठरलेला हुद्दा व ठरलेला पगार असतो.

या उतरंडीच्या सर्वांत वर रेस्टॉरंट मॅनेजर किंवा ‘मेत्र-डी’ असतो. हा शब्द फ्रेंच आहे. सगळ्या भोजनगृहाची जबाबदारी त्याची. कोणता प्रवासी कोणत्या टेबलावर बसेल, कुणाच्या तक्रारीचे काय करायचे, कोणत्या वेटरला कोणता भाग द्यायचा हे तो ठरवतो. त्याच्या हाताखाली हेड वेटर असतात. प्रत्येक हेड वेटरकडे भोजनगृहाचा एक विभाग आणि त्या विभागातील वेटरांच्या जोड्या असतात.

खरे काम या जोडीवर चालते. वेटर आणि असिस्टंट वेटर मिळून काही टेबले, म्हणजे साधारण वीस-पंचवीस माणसे सांभाळतात. वेटर प्रवाशांशी बोलतो, त्या दिवशीचे पदार्थ समजावून सांगतो, ऑर्डर घेतो आणि वाढतो. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण शाकाहारी आहे, कुणाला साखर वर्ज्य आहे हे त्याला पाठ असावे लागते. यात चूक झाली तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. असिस्टंट वेटर पाणी, पाव, चहा-कॉफी देतो, उष्ट्या बशा उचलतो आणि गॅलीतून म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातून भरलेले जड ट्रे आणतो. जहाज हलत असतानाही ट्रे हलता कामा नये! नवीन मुलगा बहुधा याच पदावर किंवा बुफेच्या विभागात लागतो.

दारू आणि पेये देणारे बार वेटर वेगळे असतात. वाईनची निवड सांगणारा माणूस काही जहाजांवर स्वतंत्र असतो. गॅलीत आचाऱ्यांची वेगळी उतरंड असते आणि सर्वांत खाली ‘युटिलिटी’ म्हणजे भांडी व फरशी धुणारे. प्रवाशांना ते कधीच दिसत नाहीत, पण ते एक दिवस थांबले तर जहाजावर कुणी जेवणार नाही.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. जुन्या आगबोटींवर सारंग, तांडेल, भंडारी आणि टोपस अशी पदे होती. टोपस म्हणजे झाडलोट करणारा. ज्या समाजात आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या समाजातला मुलगा आज साऱ्या जगाला जेवण वाढतो आणि जग ते आनंदाने घेते, ही साधी बाब नाही. वाढप्याचे काम हलके आहे असे समजून कुणी लाजू नये. पण काम सन्मानाचे असेल तर त्याचा मोबदलाही सन्मानाने मिळाला पाहिजे. म्हणूनच टिपचा विचार करावा लागतो.

टिप कशी मिळत असे, कशी मिळते

जुन्या पद्धतीत जेवणाच्या दोन पंगती असत, एक सायंकाळी सहाच्या सुमारास आणि दुसरी साडेआठच्या सुमारास. प्रवासी रोज त्याच टेबलावर बसत आणि तोच वेटर त्यांना वाढत असे. आठवडाभरात ओळख होई. सहलीच्या शेवटच्या रात्री प्रवासी वेटर, असिस्टंट वेटर आणि खोली आवरणारा यांना वेगवेगळ्या पाकिटांतून पैसे देत. काही जहाजांवर ही पंगतीची पद्धत अजूनही आहे.

पुढे प्रवाशांना हव्या त्या वेळी, हव्या त्या टेबलावर जेवण्याची मुभा मिळाली. मग रोज वेगळा वेटर येऊ लागला आणि पाकीट कुणाला द्यायचे हा प्रश्न पडला. म्हणून कंपन्यांनी टिपची रक्कम परस्पर प्रवाशाच्या बिलात लावायला सुरुवात केली. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत अलीकडे ती माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर असते. पेयांच्या बिलावर १८ ते २० टक्के वेगळे लागतात.

आता हिशेब करून पाहू. समजा एका जोडीकडे २० प्रवासी आहेत आणि दर १७ डॉलर आहे. म्हणजे दिवसाचे ३४० डॉलर झाले. आमच्या त्या मुलाने हाच हिशेब करून डोळे विस्फारले होते! परंतु ही रक्कम त्या जोडीच्या खिशात जात नाही. ती एका सामाईक निधीत जमा होते आणि त्यातून वेटर, असिस्टंट वेटर, खोल्या आवरणारे, बुफेवाले आणि पडद्यामागचे अनेक कर्मचारी यांना ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते. अनेक कंपन्यांत प्रवासी कार्यालयात जाऊन ही रक्कम कमी करू शकतो किंवा काढूनही टाकू शकतो. त्यामुळे जहाज अर्धे रिकामे असेल, तर काम तेच असूनही मिळकत घटू शकते. काही कंपन्या किमान रकमेची हमी देतात आणि टिप कमी पडल्यास फरक स्वतः भरतात. कागदावर पाहायची मुख्य गोष्ट हीच. हमी आहे की नाही?

उपकार की हक्क?

पैसे प्रवासी देतो की कंपनी देते, याने काय फरक पडतो असे कुणी म्हणेल. फरक पडतो, आणि इतिहास त्याला साक्षी आहे.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली. त्यानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत सेवा करण्यासाठी गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना कामावर घेतले. पगार तुटपुंजा, बाकी सगळे टिपवर. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारीत नसत. मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून प्रत्येक पोर्टर ‘जॉर्ज’! टिप मिळायची तर हा अपमान हसून सोसावा लागे. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी संघटना उभी केली. बारा वर्षे झगडून १९३७ साली त्यांनी कंपनीशी पगाराचा व कामाच्या तासांचा करार केला. जगण्यापुरता पगार कंपनीने द्यावा, प्रवाशाच्या मर्जीवर सोडू नये, हे त्यांचे म्हणणे होते.

अमेरिकेत आजही केंद्रीय कायद्याप्रमाणे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर द्यायचे असतात. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. टिप धरूनही सर्वसाधारण किमान वेतन भरत नसेल तर फरक मालकाने द्यायचा असा नियम आहे. तेथील प्रवाशांना टिपची इतकी सवय का, हे यावरून कळते. क्रूझ जहाजे मात्र बहुधा बहामा, पनामा अशा देशांत नोंदवलेली असतात. त्यामुळे अमेरिकेचा वेतन कायदा त्यांवरील परदेशी वेटरला सहसा लागू होत नाही.

आपल्या देशात पूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. मजुरी ही मालकाची मेहेरबानी नसून तिला कायद्याचा पाया हवा, हा विचार त्यामागे होता. टिपकडे पाहतानाही तोच विचार आपल्या उपयोगी पडतो.

भारतीय वाढप्यांनाही याचा अनुभव आला आहे. २०१२ साली ‘आर्केडिया’ या ब्रिटिश जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील सिॲटल बंदरात पगाराच्या प्रश्नावर काही वेळ काम थांबवून निदर्शने केली. पुढे त्यांना नवा करार नाकारण्यात आल्याच्या बातम्या ब्रिटिश वृत्तपत्रांत आल्या. त्याच पी अँड ओ क्रूझेस कंपनीने २०१९ साली बिलात लावली जाणारी टिप बंद केली. म्हणजे टिपशिवायही जहाज चालते!

आणि साथीचा काळ आठवा. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज अडकले. त्यावरील ३,७११ माणसांत १३८ भारतीय होते आणि त्यांतले १३२ कर्मचारी होते. प्रवासी खोल्यांत बंद असताना कर्मचारी दारोदार जेवण पोहोचवत होते आणि त्यांच्यापैकी अनेकांना लागण झाली. पुढच्याच महिन्यात जगभरच्या क्रूझ सहली थांबल्या. प्रवासी नाहीत तर टिप कोठून येणार? ज्याची मिळकत टिपवर उभी, त्याचा पायाच निखळला.

कायद्याने काय मिळते

जहाजावरील कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. तो २०१३ साली अमलात आला आणि भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली. तो केवळ खलाशांसाठी नाही. वेटर, आचारी, भांडी धुणारा, सगळे त्यात येतात. त्याप्रमाणे लेखी करार हातात मिळाला पाहिजे. पगार महिन्याच्या आत, हिशेबाच्या कागदासह मिळाला पाहिजे. विश्रांती २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास, किंवा काम २४ तासांत जास्तीत जास्त १४ तास आणि आठवड्यात ७२ तास, यांपैकी एक मर्यादा पाळावी लागते. करार संपल्यावर घरी परतण्याचा खर्च मालकाचा.

या मर्यादाही सोप्या नाहीत हे मुलांनी ध्यानात घ्यावे. दिवसाला दहा-बारा तास, आठवड्याचे सातही दिवस, सहा ते नऊ महिने असे काम असते. राहणे-जेवण फुकट, पण खोली पाण्याच्या पातळीजवळ आणि दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायची. चतुर्थीला, जयंतीला घरी येता येत नाही.

नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेण्यास या करारात मनाई आहे. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि सीडीसी म्हणजे खलाशी पुस्तिका, एवढाच खर्च उमेदवाराचा. व्हिसाचा खर्च कंपनीचा. सुरक्षिततेच्या अभ्यासक्रमांची फी मान्यताप्राप्त संस्थेत भरायची असते, एजंटाच्या हातात नव्हे. भरती करणाऱ्या संस्थेकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डी. जी. शिपिंगचा, आर.पी.एस.एल. परवाना असला पाहिजे. परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते.

जाण्यापूर्वी पाच प्रश्न

सही करण्यापूर्वी प्रत्येकाने हे प्रश्न लेखी विचारावेत. मूळ पगार किती? टिपचा अंदाज किती आणि त्याची हमी आहे का? टिपचा निधी कोणत्या प्रमाणात वाटला जातो? जहाज रिकामे असेल किंवा सहल रद्द झाली तर काय मिळेल? करार किती महिन्यांचा? आणि एक हिशेब मनाशी पक्का करावा. घराचे हप्ते, बहिणीचे शिक्षण, कर्जाची फेड मूळ पगारातून किंवा हमीच्या रकमेतून भागली पाहिजे. टिप शिल्लक टाकावी.

शिक्षणाकडेही दुर्लक्ष करू नये. मुंबईत दादरला आणि गोव्यात पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंटच्या सरकारी संस्था आहेत. शिक्षण, इंग्रजी संभाषण आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलातला एक-दोन वर्षांचा अनुभव असेल तर असिस्टंट वेटरवरून पुढच्या पायऱ्या लवकर चढता येतात.

आमच्याकडे आलेल्या त्या मुलाने एजंटाला आईचाच प्रश्न लेखी विचारला. उत्तर आले नाही, उलट ‘जागा अडवण्यासाठी’ पैशांची मागणी आली. त्याने कागद परत केला. सध्या तो गोव्यात एका हॉटेलात काम शिकत आहे आणि परवाना असलेल्या संस्थेमार्फतच जाणार आहे. जहाजावर जाण्याचे त्याचे स्वप्न मोडलेले नाही, ते आता शुद्धीवर आले आहे इतकेच.

वाढणाऱ्या हाताला कुणी खुशीने चार पैसे दिले तर ते जरूर घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. पण घामाचे दाम कुणाच्या खुशीवर ठेवू नये. कागदावर सही करण्यापूर्वी त्या माऊलीचा प्रश्न प्रत्येक घराने विचारावा, एवढीच आमची विनंती.