रक्त दाटते तेव्हा…

थंडीत बोटे जांभळी पडणे, पायांवर जाळीदार डाग उमटणे, वारंवार नाकातून रक्त येणे, दृष्टी अंधूक होणे... या तक्रारी वेगवेगळ्या भासतात. मात्र, काही रुग्णांत त्यांचे मूळ रक्तातील प्रथिनांच्या विकारात असते.

असा एक विकार स्वीडनमधील डॉक्टर यान वाल्डेनस्ट्रोम यांनी १९४४ मध्ये वर्णिला. त्यात अस्थिमज्जेतील बिघडलेल्या पेशी 'आयजीएम' हे प्रथिन अतोनात तयार करतात. पाच घटकांच्या जोडणीतून बनलेल्या या अवजड रेणूमुळे रक्त दाटते आणि तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींना चिकटतात. निरोगी व्यक्तीच्या सीरमचा दाटपणा, म्हणजेच श्यानता, पाण्याच्या साधारण १.४ ते १.८ पट असते. ती चारपटीपुढे गेल्यास बहुधा त्रास सुरू होतो.

त्वचेतील केशवाहिन्या जेमतेम एका तांबड्या पेशीएवढ्या रुंद असतात. साहजिकच दाट रक्ताचा प्रवाह तेथे मंदावतो. 'क्रायोग्लोब्युलिन' प्रकारची प्रथिने तर थंडीत साकळतात. त्यामुळे बोटे, नाक, कान अशा गार पडणाऱ्या भागांना अधिक झळ पोहोचते.

यंत्राद्वारे रक्तद्रव बदलण्याच्या 'प्लाझ्माफेरेसिस' उपचाराने श्यानता लवकर उतरते. मूळ विकारासाठी औषधे लागतातच. अशा रुग्णांत रक्तक्षयही आढळतो. मात्र, श्यानता उतरण्यापूर्वी घाईने रक्त चढविणे घातक ठरू शकते, कारण तांबड्या पेशी वाढताच रक्त आणखी दाटते. म्हणूनच ही लक्षणे एकत्र दिसल्यास रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला तातडीने घेणे हिताचे.