टोनर बदलण्याआधी पान बघा

परळीत कशावरही धूळ दिसली की बोट औष्णिक वीज केंद्राकडे जातं. १९७१ मध्ये पहिला संच सुरू झाला, तेव्हापासून राखेची तक्रार गावाला नवी नाही. रंगीत लेझर प्रिंटरवर उभी रेघ आली, तरी झेरॉक्सवाला आणि सेतू केंद्रवाला दोघंही म्हणतात, "राख बसली, नाही तर टोनर संपला." दोन्ही निदानं पान न बघताच केलेली असतात.

राखेला पूर्ण निर्दोष सोडता येणार नाही. लेझरचा किरण काचेच्या अरुंद पट्टीतून ड्रमवर पडतो. त्या काचेवर धूळ बसली की तेवढ्या जागी किरण पोचत नाही, टोनर चिकटत नाही आणि पानभर पांढरी उभी रेघ राहते. रेघ काळी किंवा रंगीत असेल तर मात्र बहुधा ड्रमवर ओरखडा असतो किंवा ड्रम पुसणारं ब्लेड झिजलेलं असतं. तिथे राखेला दोष देऊन उपयोग नाही.

मग दोष कोणत्या कार्ट्रिजचा? प्रिंटरच्या मेनूतून चाचणीचं पान काढा आणि निळा, किरमिजी, पिवळा, काळा असे चारही पट्टे बघा. एकाच रंगात दोष असेल तर त्याच रंगाचं कार्ट्रिज किंवा ड्रम तपासा. चारही रंगांत एकाच जागी दोष दिसला, तर चौघांना सामाईक असलेला ट्रान्स्फर बेल्ट किंवा फ्युजर संशयित. चारही कार्ट्रिज एकदम बदलणं म्हणजे निव्वळ पैशांची राख.

ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येणारा डाग सर्वांत जास्त बोलतो. पट्टी घेऊन दोन डागांमधलं अंतर मोजा. फिरणारा भाग एक फेरा मारतो तेव्हा डाग परत उमटतो, म्हणजे हे अंतर त्या भागाचा परीघ असतो. ड्रम ३० मिलिमीटर व्यासाचा असेल तर डाग साधारण ९४ मिलिमीटरवर येतो, २४ मिलिमीटरचा असेल तर ७५ च्या आसपास. कोणत्या रोलरचं किती अंतर, हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मेकॅनिकने ते विचारात न घेता "ड्रम गेला" म्हटलं, तर पैसे देण्याआधी पट्टी त्याच्या हातात द्या.

हाताला लागून अक्षरं पुसली जातात, तेव्हाही टोनर नकली म्हणून बोंब होते. टोनर हा प्लॅस्टिकचा भुगा. फ्युजरच्या उष्णतेने तो वितळून कागदाला चिकटतो. लग्नपत्रिकेचं जाड कार्ड लावून सेटिंग साध्या कागदाचं ठेवलं, तर उष्णता पुरत नाही. 'जाड कागद' निवडलं की प्रिंटर सावकाश चालतो आणि शाई धरते. (शाई हा आपला नेहमीचा शब्द, लेझरमध्ये शाई नसतेच.) पावसाळ्यात फिकट आणि डागाळलेली पानं येतात, त्यामागे बऱ्याचदा सर्दावलेला कागद असतो. रिम फोडल्यावर उरलेला कागद प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवा.

पत्रिकेचा केशरी मोबाईलवर झळाळतो आणि कागदावर मंद दिसतो. हा बिघाड नाही. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद नुसता परावर्तित करतो, आणि पिवळ्या व किरमिजीच्या मिश्रणातून तो झगमगाट येत नाही. कॅलिब्रेशनने सरकलेले रंग जागेवर येतात, पण स्क्रीनची बरोबरी होत नाही.

टोनर सांडला तर गरम पाणी वापरू नका. उष्णतेने तो कापडात बसतो. झटकून थंड पाण्याने धुवा. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको. भुगा इतका बारीक की साध्या फिल्टरमधून पलीकडे निघून खोलीभर उडतो. काढलेला ड्रम उन्हात ठेवू नका. प्रकाशाने तो खराब होतो.

आणि दुरुस्तीला प्रिंटर नेताना खराब पानंही सोबत न्या, चाचणीच्या पानासकट.