ओळ कुठे संपते, नोंद कुठे संपते?

चिठ्ठीवर आलेला एक प्रश्न आज घेतो. ग्रंथालयाच्या सभासदांची यादी सीएसव्ही म्हणून बाहेर काढली, एक्सेलमध्ये उघडली, आणि एकेका सभासदाच्या तीन-तीन ओळी झाल्या. असं का? प्रश्न संगणकाचा वाटतो खरा, पण चिन्ह आणि त्याचा अर्थ हा आमच्या विषयाचा जुनाच झगडा आहे.

सीएसव्ही फाइल म्हणजे साधा मजकूर. स्वल्पविराम आला की पुढचा रकाना, ओळ संपली की पुढची नोंद. एवढाच करार. आता एक पत्ता घ्या. पहिल्या ओळीत घराचं नाव, "श्रमसाफल्य". दुसरीत सदाशिव पेठ, तिसरीत पुणे ३०. लिहिणाऱ्याने एंटर दाबलं ते वाचायला बरं म्हणून. यंत्राने त्याचा अर्थ घेतला, नोंद संपली. मग सदाशिव पेठ जाऊन बसते सभासद क्रमांकाच्या रकान्यात आणि फोन नंबर तिसऱ्याच ओळीत.

इथवर दुरुस्ती शक्य असते, कारण तुकडे निदान एकाखाली एक असतात. खरा घात पुढे होतो. कुणीतरी यादी अकारविल्हे लावतं आणि फाइल जतन करतं. तुकडे पांगले! आता कुठला फोन कुणाचा, हे त्या फाइलवरून सांगता येणार नाही. म्हणून क्रम लावण्याआधी एक काम करा. मूळ सॉफ्टवेअरमध्ये सभासद किती आणि इथे ओळी किती, हे ताडून बघा. आणि मूळ फाइलला हात लावू नका.

उपाय काय? अवतरणचिन्ह. २००५ साली आरएफसी ४१८० या दस्तऐवजात ही रीत लिहून ठेवली गेली. रकान्यात स्वल्पविराम, ओळतोड किंवा अवतरणचिन्ह असेल, तर तो अख्खा रकाना दुहेरी अवतरणात घालायचा. आत पुन्हा दुहेरी अवतरण असेल तर ते दोनदा लिहायचं. त्यामुळे आपला पत्ता फाइलमध्ये """श्रमसाफल्य"" असा सुरू होतो. तीन चिन्हं एकापुढे एक दिसली तर घाबरू नका, ते बरोबर आहे.

तर्कशास्त्रात आम्ही उपयोग आणि उल्लेख असा भेद करतो. पुणे मुठेकाठी आहे. ‘पुणे’ मात्र दोन अक्षरांचा शब्द आहे. अवतरणाच्या आतली ओळतोड ही तशीच, नुसती उल्लेखलेली. तिने नोंद संपवायची नाही. संस्कृतात ‘इति’ फक्त शेवटी येतं, बोलणं कुठून सुरू झालं ते वाचणाऱ्याने ओळखायचं. यंत्राला ही समज नाही, म्हणून दोन्हीकडे खूण लागते.

आणि खूण असूनही वाचणारा ती पाळेलच असं नाही. एक्सेलमध्ये पॉवर क्वेरीतून फाइल आणली, तर ‘इग्नोअर कोटेड लाइन ब्रेक्स’ हा पर्याय निवडलेला आहे ना, ते बघा.

पुष्कळजण सांगतात, ओळतोडच काढून टाका. मला हे पटत नाही. ‘क्लीन’ फंक्शन ती काढतं, पण जागी काही ठेवत नाही. ‘सदाशिव पेठपुणे ३०’ असं काहीतरी हाती येतं. काढायचीच असेल तर ‘सब्स्टिट्यूट’ वापरून क्रमांक १० च्या चिन्हाजागी स्वल्पविराम घाला. पत्त्याला ते चालेल. त्याच रकान्यात कविता असली तर? तिथे ओळ मोडणं म्हणजे कविता मोडणं.

एक शेवटचं. सगळं नीट झालं तरी कधीकधी रकान्यात पत्ता एकाच ओळीत दिसतो, आणि लोक म्हणतात, ओळी गेल्या. गेलेल्या नसतात. ‘रॅप टेक्स्ट’ दाबा, दिसतील.